नागपूरकरांचा परदेशातला डबा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरा वर्षं फ्रँकफुर्टला काढून मी आता परत नागपूरला, मानेवाड्याला आलोय. जुलै लागला की आमच्या लेआउटमधलं कोणाचं तरी पोरगं शिकायला नाहीतर नोकरीला बाहेर निघतं, आणि त्याची आई संध्याकाळी आमच्या फाटकाशी येऊन उभी राहते. प्रश्न ठरलेले असतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. जर्मनीचा अनुभव माझा आहे, पण बरंचसं बाकी देशांनाही लागू पडतं. जिथे देश बदलला की नियम बदलतो, तिथे तसं सांगितलंय.

तिकडे आपलं काही मिळते का हो भाऊ?

मिळतं. फक्त आपल्या नावानं मिळत नाही.

अंबाडीचंच घ्या. पहिलं दीड वर्ष मी घरी फोन केला की रडायचो, इकडे अंबाडी नाही म्हणून. स्टेशनाजवळच्या एका दुकानात मी दर शुक्रवारी डाळ-तांदूळ घ्यायला जायचो. तिथे दारातच हिरव्या पानांच्या जुड्या पाण्याच्या बादलीत उभ्या असायच्या, वर तेलुगूत काहीतरी लिहिलेली पाटी. एकदा लाइनीत उभं राहून कंटाळा आला म्हणून एक पान तोडून चावलं. आंबट. गोंगुरा म्हणजेच अंबाडी. दीड वर्ष ती माझ्या गुडघ्याशी उभी होती.

तेव्हापासून मी वस्तूचं नाव विचारणं सोडलं आणि ती आणखी कोण खातं ते विचारायला लागलो. तुरीचे सोले हवे असतील तर गुजराती दुकानातल्या फ्रीझरमध्ये 'लीलवा' शोधा. कॅरिबियन लोक हेच दाणे डब्यातून विकतात, लॅटिन अमेरिकी लोक 'गांदुलेस' म्हणतात. पण डब्यातले दाणे शिजवून मऊ केलेले असतात, सोलेभाताला ते चालत नाहीत. मुंगण्याची (शेवग्याची) पानं फिलिपिनो दुकानात 'मलुंगाय' म्हणून येतात आणि शेंगा फ्रोझन असतात. दगडफूल तमिळ दुकानात 'कल्पासी' या नावानं, कारण चेट्टिनाड स्वयंपाकात ते लागतं. भगर गुजरातीत 'मोरैयो'. जवस तर जर्मनीत कुठल्याही सुपरमार्केटात किलोनं मिळते, ओट्स-बियाण्यांच्या फळीवर, तब्येतीला चांगली म्हणून. आपण तिची चटणी करून भाकरीवर घेतो हे मी तिथल्या शेजाऱ्याला सांगितलं तर तो माझ्याकडे मोठ्या आदरानं बघायला लागला.

कोणत्या दुकानात जायचं? शहर नवीन, ओळख नाही.

आधी भारतीय वस्तीचा रस्ता शोधा. प्रत्येक मोठ्या शहरात एखादा असतोच. शिकागोला डेव्हन अव्हेन्यू, न्यू जर्सीत एडिसनचा ओक ट्री रोड, लंडनला साउथॉल आणि वेम्बलीचा ईलिंग रोड, लेस्टरला बेलग्रेव्ह रोड, सिडनीत हॅरिस पार्क, दुबईत करामा आणि मीना बाजार, सिंगापूरला लिटल इंडिया, टोकियोत निशी-कासाई. फ्रँकफुर्टला मुख्य स्टेशनासमोरच्या गल्ल्या, त्यातही म्युन्शनर श्ट्रासे.

पण भारतीय दुकानावरच अडून राहू नका. ताजी भाजी, कोवळी वांगी, जुडीनं मिळणारा सांभार (म्हणजे कोथिंबीर), आंबट दही हे सगळं तुर्की दुकानात स्वस्त आणि ताजं. त्यांचं आयरान म्हणजे आपलं मिठाचं ताकच. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हेही पहिल्या आठवड्यातच लक्षात ठेवा. शनिवारी संध्याकाळी कोणी पाहुणा येतो म्हणाला आणि घरात कांदा नाही, ही तिथली खरी आणीबाणी.

तर्री पोहे तिकडे जमतात का?

जमतात, आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

तर्री पोहे म्हणजे पोह्यांवर काळ्या चण्याचा तिखट रस्सा. पोहे भारतीय दुकानात मिळतात. पाकिटावर जाड, मध्यम, पातळ लिहिलेलं असतं. तुम्हाला जाड हवेत. पातळ पोहे चिवड्याचे. ते भिजवले की लगदा होतो आणि मग आईला व्हिडिओ कॉल लागतो.

चणे काळे, बारके, देशी. तुर्की दुकानात 'नोहुत' म्हणून जो चणा असतो तो काबुली. त्याची तर्री गोडसर आणि दाट होते, तर्री राहतच नाही, पंजाबी छोल्यांचा रस्सा होतो. रात्रभर भिजवा, कुकरला सहा शिट्ट्या काढा आणि शिजवलेलं पाणी फेकू नका.

आता खरी गोष्ट. तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारा लाल तेलाचा थर, आणि तो आणायला तेल मसाल्यातून सुटावं लागतं. कांदा आणि खोबरं काळपट होईपर्यंत भाजून वाटा. आलं-लसणाचा वास जाईपर्यंत परता. मग तिखट-मसाला घालून मंद आचेवर कडेला तेल दिसेपर्यंत थांबा. घाई करू नका. पुढे पाणी घालायचं ते उकळतंच घालायचं. गार पाणी ओतलं की तर्री बसते, मग तुम्ही कितीही उकळा. माझी पहिल्या वर्षीची प्रत्येक तर्री गार पाण्यानं मेली.

आणि एक अडचण आहे जी नागपुरात कोणालाच माहीत नसते. तिकडच्या काचेच्या शेगडीची आच बंद केली तरी प्लेट बराच वेळ तापलेली राहते. गॅस कमी केला की आपल्याकडे फोडणी लगेच शांत होते, तिकडे होत नाही, ती जळत राहते. तिखट टाकायच्या आधी कढई उचलून बाजूच्या गार प्लेटवर ठेवा.

लिंबाबद्दल एक. मोठं पिवळं जाड सालीचं लिंबू घेऊ नका, त्याचा आंबटपणा वेगळा असतो. आशियाई दुकानातलं हिरवं लहान लाइम आपल्या लिंबाच्या जवळ जातं. वर कच्चा कांदा, शेव किंवा चिवडा, सांभार. इतकं केलं की डोळे मिटून नागपूरच्या बर्डीवर उभं असल्यासारखं वाटतं; डोळे उघडले की बाहेर बर्फ असतं ते वेगळं.

सावजी मसाला तिकडे विकत मिळते का?

कुठे कुठे पाकीट मिळतं. मी दोनदा घेतलं. दोन्ही वेळा तो तिखट गरम मसाला निघाला, सावजी नव्हे.

सावजी जेवण आपल्याकडच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं. विणकाम मंदावलं तशी घरातली चूल भोजनालयाची झाली. प्रत्येक घराचा मसाला निराळा, आणि प्रमाण कोणी सांगत नाही. म्हणून नागपुरातून न्यायची पहिली वस्तू हीच. इतवारीत मस्कासाथला मसाल्याची दुकानं आहेत, तिथे सांगून भाजून-कुटून घ्या. अर्धा किलो पुरे, वर्षाला तेवढाच लागतो. पाव-पाव किलोची दोन पाकिटं करून हवा काढून सील करून मागा.

दुबईला किंवा सिंगापूरला जात असाल तर हे थांबून वाचा. सावजी मसाल्यात बऱ्याचदा खसखस असते. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर इथे खसखस बंदी असलेला माल आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. तिथे "थोडीशीच आहे" किंवा "माहीत नव्हतं" चालत नाही. आखाती देशांत माणसं कोठडीत जाऊन आली आहेत. मसालेवाल्याला स्वच्छ सांगा, "खसखस टाकू नका." त्याऐवजी रश्श्याला दाटपणा आणायला ज्वारीचं पीठ कोरडं भाजून लावा, ते सावजीत तसंही लागतं. सांभारवडी, अनारसे, मिठाया यांतही खसखस असते, तेही बघून घ्या.

मिरची संपली तर? भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिला तोडीस तोड काही नाही. पण तिखटपणा आणि रंग वेगवेगळे मिळवता येतात. अमेरिकेत मेक्सिकन दुकानातून तिखटाला 'चिले दे आर्बोल' आणि रंगाला 'ग्वाहियो' घ्या. दोन्ही सुक्या मिरच्या आहेत, भाजून कुटायच्या. भारतीय दुकान असेल तर गुंटूर आणि ब्याडगी.

मटणाचं असं की तिकडे तुर्की खाटकाकडे बहुतेक मेंढीचं मिळतं. त्याला चरबीचा वास असतो, तो सावजी मसाल्यातही लपत नाही. चरबी काढून टाका आणि शिजायला वेळ कमी द्या. बोकडाचं हवं असेल तर हलाल दुकानदाराला दोन दिवस आधी सांगून ठेवा. इंग्लंड-अमेरिकेत कॅरिबियन वस्तीतही मिळतं, कारण त्यांची बोकडाची करी प्रसिद्ध आहे.

बॅगेत काय टाकू? आणि काय अजिबात टाकू नको?

इथे सगळ्या आयांचं आणि माझं भांडण होतं.

आधी माझी फजिती. पहिल्या खेपेला आईनं घरच्या लोण्याचं एक किलो तूप स्टीलच्या डब्यात, वर कपडा, वर प्लास्टिक, वर सेलोटेप अशा थाटात बांधून दिलं. उतरल्यावर कस्टमवाल्यानं डबा उघडायला लावला, वास घेतला, चेहरा चांगला वाटला, आणि डबा त्याच्या मागच्या पेटीत गेला. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ स्वतःच्या बॅगेतूनही आणता येत नाहीत. नियम त्याचाच बरोबर होता. मी आईला बरेच महिने सांगितलं नाही. फोनवर ती विचारायची, "तूप संपलं का?" मी म्हणायचो, "जपून वापरतो."

तर देशवार थोडक्यात. युरोप आणि ब्रिटन : तूप, पेढा, खवा, मांस नाही. युरोपीय संघात ताजी फळं-भाज्यांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळं त्यातून सुटतात. म्हणजे कढीपत्त्याची जुडी पर्समध्ये लपवायची नाही. अमेरिका : मांस आणि ताजी फळं-भाज्या नको, आणि तांदूळही नको. भंडाऱ्याचा चिन्नोर कितीही सुवासिक असला तरी खापरा भुंग्याच्या भीतीनं २०११ पासून आपल्यासारख्या देशांतून बॅगेतून तांदूळ न्यायला तिथे बंदी आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सगळ्यात कडक : दुधाची मिठाई नाहीच, आणि खाण्याचं जे काही असेल ते कार्डावर लिहायचं. न्यूझीलंडला न सांगता काही निघालं तर जागेवर ४०० डॉलर दंड. लिहिलं आणि चाललं नाही तर ते फक्त काढून घेतात, दंड होत नाही. म्हणून सगळीकडे एकच : विचारलं की खरं सांगा.

आता नागपुरातच अडकणाऱ्या गोष्टी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत टाकू नका. त्यात तेल इतकं असतं की आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात त्यांची गणना होते. खोबरं मसाल्यात कुटून न्या, किंवा तिकडे किसलेलं घ्या, कुठेही मिळतं. मिरचीचं लोणचं आणि ठेचा हातातल्या बॅगेत नको. चेक-इनमध्ये, आणि दोन पिशव्यांत. विमानात झाकण फुगतं, तेल बाहेर येतं, आणि मुलाखतीचा पांढरा शर्ट नेमका त्याच बॅगेत असतो.

मग न्यायचं काय? सावजी मसाला, भिवापुरी तिखट, वायगावची हळद, हिंग, घरची चटणी, थोड्या कुरडया-सांडगे, आईच्या हातचं लोणचं. संपलं. डाळ, तांदूळ, साखर, चहापत्ती यांनी वजन भरू नका. ते तिकडे आहे. २३ किलोच्या बॅगेत सात किलो तूरडाळ घेऊन गेलेला एक पोरगा मी पाहिलाय. त्याच्या खोलीखालीच भारतीय दुकान होतं.

ज्वारीची भाकर करता येते का? सारखी मोडते म्हणते आमची पोरगी.

तिची चूक नाही, पिठाची आहे. तिकडे ज्वारीचं पीठ दळून किती महिने झाले ते कोणाला माहीत नसतं. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकर कडेनं फाटते.

तोड सोपी आहे. पाणी उकळून त्यात मीठ टाका, पीठ घालून झाकून ठेवा, कोमट झालं की चांगलं मळा. थापायला जमत नसेल तर लाटा, कोणी बघत नाही. अमेरिकेत हे पीठ 'सोरघम' नावानं ग्लूटेन नसलेल्या पिठांच्या फळीवर असतं आणि महाग पडतं. भारतीय दुकानात 'जुवार' म्हणून मागा, स्वस्त पडेल. घेताना पाकिटावरची तारीख बघा. पीठ आणलं की फ्रीजमध्ये.

वडाभाताचं तेल कोणतं?

वडाभाताला डाळी सगळ्या मिळतात, वडे कोणीही तळेल. फसतं ते वरून घालायच्या फोडणीच्या तेलात. आपल्याला घाण्यावरच्या फल्ली तेलाचा वास हवा असतो, आणि तिकडच्या सुपरमार्केटातलं शेंगदाणा तेल रिफाइंड, बिनवासाचं.

चिनी दुकानात जा. त्यांच्याकडे भाजलेल्या दाण्यांचं, सोनेरी, वासाचं शेंगदाणा तेल असतं. बाटली उघडली की थेट तेलघाणी. हे मला एका हाँगकाँगच्या सहकाऱ्यानं दाखवलं, आणि त्याला वाटत होतं की हा त्यांचाच खास माल आहे. त्यात हिंग, मोहरी, सुकी लाल मिरची. भाताच्या मुदीवर वडा कुस्करा, वर ते तेल सोडा, शेजारी कढी.

कढीचं दही तिकडे आंबट नसतं. आदल्या रात्री डबा हीटरजवळ ठेवून द्या, सकाळपर्यंत कामाचं होतं. आणि एक सूचना : ऑफिसात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते विचारल्याशिवाय हा डबा तिथे उघडू नका. तिकडे ही चेष्टेची गोष्ट नाही, माणूस दवाखान्यात जातो.

सांभारवडीसाठी सांभार कुठून आणायचा?

तुर्की दुकानातून, जुडीनं. सुपरमार्केटातली चिमूटभर पानांची प्लास्टिकची डबी घेतली तर एका वडीत पगार जाईल.

पण वास घेतल्याशिवाय घेऊ नका. मी डिसेंबरात मोठ्या हौसेनं चार जुड्या आणल्या, निवडल्या, धुतल्या, पंचावर पसरून वाळवल्या, चिरल्या, खोबरं-चारोळी-तीळ घालून सारण केलं, पारी लाटली, वळकट्या तळल्या. पहिला घास घेतला आणि थांबलो. गवत. ती पार्सली होती. पानं जवळजवळ सारखी दिसतात, फक्त वास नाही. एक पान बोटात चुरगळा, तेवढंच.

त्या दिवशी जेवायला पुण्याचा एक मित्र होता. तो आधीपासूनच गोंधळलेला, कारण "सांभारवडी" ऐकून तो इडलीसोबतचं सांबार येईल म्हणून वाट बघत होता. सांभार म्हणजे कोथिंबीर हे त्याला समजावलं, आणि मग त्या वडीत कोथिंबीरही नव्हती.

उपासाचं काय?

उपास तिकडे सोपा. राजगिरा सेंद्रिय मालाच्या दुकानात 'अमरंथ' म्हणून मिळतो. मुळात तो अमेरिका खंडातलाच. भगर आणि शिंगाड्याचं पीठ गुजराती दुकानात. साबुदाणा भारतीय दुकानातूनच घ्या. व्हिएतनामी-थाई दुकानातले टॅपिओकाचे मोती त्याच कंदाचे असले तरी खिचडीत ते एकमेकांना चिकटून गोळा होतात. रताळी सगळीकडे.

संत्रीची आठवण येते हो.

येणारच. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ताजी संत्री बॅगेतून नेता येत नाहीत हे वर सांगितलंच. नोव्हेंबर ते जानेवारी स्पेनहून क्लेमेंटाइन येतात. सालीनं सैल, फोडी सुटतात, गोड. आपल्या आंबिया बहाराचाच हंगाम. आंबटपणा थोडा कमी पडतो. सोलताना बोटांना लागणारं तेल मात्र तेच.

संत्रा बर्फी नेण्याआधी डब्यावरचे घटक वाचा. खवा किंवा दूध असेल तर युरोप-ब्रिटन-ऑस्ट्रेलियाला न्यायच्या भानगडीत पडू नका. हल्दीरामचे बाकी पुडे तसेही परदेशी दुकानांत भरपूर असतात.

दिवाळीचा फराळ पाठवायचा आहे. काय काळजी घ्यायची?

चकल्या चुरा होऊन पोचतात हे गृहीत धरा, किंवा डब्यात चकल्यांच्या मधल्या जागेत चिवडा दाबून भरा. तो गादीचं काम करतो. शंकरपाळे आणि शेव उत्तम प्रवासी. रव्याचे लाडू तुपाचे असतात, म्हणून युरोपला पार्सल अडू शकतं. पार्सललाही दुधाच्या पदार्थांचा तोच नियम. अनारसे दुबई-सिंगापूरला खसखशीशिवाय.

पार्सलावर वस्तूंची यादी खरी आणि इंग्रजीत लिहा. नुसतं 'फूड' लिहिलं की पेटी फुटते. घरगुती भेट म्हणून पाठवलेल्या पार्सलाला युरोपीय संघात ४५ युरोपर्यंत आणि ब्रिटनमध्ये ३९ पौंडापर्यंत कर लागत नाही. आई किंमत कशी लावणार, ती लाडवाला किंमत लावायलाच तयार नसते, हे मला मान्य आहे. पण काहीतरी आकडा लिहावा लागतो. आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नव्हे, महिनाभर आधी पाठवा.

कुकर, तवा, मिक्सर इथून न्यायचं का?

लहान कुकर न्या, पण बूड इंडक्शनवर चालणारं बघून. ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. लोखंडी तवा चालतो. मिक्सर युरोप, ब्रिटन, आखात, सिंगापूर, ऑस्ट्रेलियाला फक्त प्लग बदलून चालेल. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, तिथे आपला मिक्सर नेऊ नका. लाटणं न्या. रिकाम्या बाटलीनं पोळ्या लाटणारी पोरं मी पाहिली आहेत आणि त्यांचं चांगलं चाललंय, तरीही न्या.

फोडणीच्या धुरानं तिकडे अलार्म वाजते म्हणतात, खरं का?

खरं. माझ्याकडे रात्री साडेदहाला वाजला, सावजी मसाला परतताना. शेजारच्या आजी नाइटगाऊनवर बाहेर आल्या, त्यांच्या डोळ्यांतून पाणी, माझ्याही. मी माफी मागितली. त्यांनी विचारलं, काय शिजतंय. दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन गेलो तर त्यांनी रस्सा बाजूला ठेवून नुसता भात खाल्ला.

मसाला भाजण्याचं काम दिवसा, खिडकी उघडून, स्वयंपाकघराचं दार लावून करा. कोट आणि जॅकेटं आधी दुसऱ्या खोलीत हलवा, लोकरीतला वास आठवडाभर जात नाही. अलार्मवर कापड गुंडाळू नका, भाडेकरारात त्याबद्दल लिहिलेलं असतं.

तिकडच्या भारतीय हॉटेलात नाही का मिळत असं जेवण?

नाही. बटर चिकन मिळतं. इंग्लंडमधली बरीच 'इंडियन' हॉटेलं तर सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशी लोकांनी उभी केलेली. त्यांचं जेवण त्यांच्या जागी छान आहे. पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) तिथे मागू नका.

महाराष्ट्र मंडळात जाऊन फायदा होते का?

होतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासूनचं, आणि आता बहुतेक मोठ्या शहरांत काही ना काही आहे. गणपतीला जा. जेवणात पोहे असले तर ते पुणेरी असतील, गोडसर, खोबरं पेरलेले. नाक मुरडू नका. ताट घेऊन कोपऱ्यात जो कोणी "याच्यावर तर्री पाहिजे होती बे" म्हणेल, तो आपला माणूस. आमच्या शहरात असे सात जण निघाले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकाच्या घरी मसाला भाजायचो, म्हणजे अलार्म एकाचाच वाजायचा.

पोराला चहाशिवाय काही बनवता येत नाही. निघायला तीन आठवडे आहेत.

तीन गोष्टी शिकवा : कुकरला वरण-भात, फोडणी, आणि बेसन. बेसन म्हणजे आपलं भाकरीसोबतचं पिठलं, पाकिटातलं पीठ नव्हे. ते दहा मिनिटांत होतं आणि घरात कांदा-मिरची असली की पुरतं. पण तिकडे बेसनाचं पीठ भारतीय दुकानातूनच घ्यायला सांगा. जे नुसतं 'काबुली चण्याचं पीठ' असतं त्याच्या पाटोड्या रश्श्यात फुटतात.

हे त्याला करून दाखवू नका, काकू. त्याला करायला लावा आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा. करपलं तर करपू द्या, आतून कितीही आवाज आले तरी.

मसाला किती दिवस टिकतो?

उघडं पाकीट बाहेर ठेवलं तर चार-पाच महिन्यांत वास उतरतो. न उघडलेलं फ्रीझरमध्ये वर्षभर राहतं. लागेल तेवढाच छोट्या काचेच्या बरणीत काढा, ओला चमचा घालू नका. प्रत्येक पाकिटावर तारीख लिहा. माझ्याकडचं शेवटचं पाकीट सोळा महिन्यांचं होतं, रंग होता, वास नव्हता. तरी एका रविवारी मी त्याचाच रस्सा केला, कारण दुकानं बंद होती.